तोतारामची मूठ

धरणगावात योगराजच्या घराचं फाटक सरळ उघडत नाही. कडी ओढायची नसते, उचलायची असते. उचलून धरायची आणि खालच्या पत्र्याला गुडघ्याने हलकंच लोटायचं. घरच्यांचे हातपाय ते आपोआप करतात. पाहुणा आला की खडखड करत उभा राहतो, आणि आतून भिकुबाई, योगराजची आई, ओरडते, "उचलीसन लोट, उचलीसन!" गॅसवाला, पोस्टमन, कुरियरवाला, सगळ्यांचं हेच. योगराजचा थोरला भाऊ नवल लहानपणी त्या फाटकावर झोके घ्यायचा, तेव्हापासून ते वाकलेलं. दुरुस्त करू, करू म्हणत राहूनच गेलं. फायदा एकच. आवाजावरून कळायचं, आलेला माणूस घरचा की बाहेरचा.

योगराज स्वतःच शिकलेला. बी.कॉम. मध्येच सुटलं, मग मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून कोडिंग. आता जळगाव-धुळ्याच्या दुकानदारांना बिलाची सॉफ्टवेअर करून द्यायचा. नवलचा टेम्पो होता, सावद्याहून केळी उचलायचा. घरात असला की धाकट्याला छळणं हाच त्याचा उद्योग. की-बोर्डच्या आवाजावरून त्याने योगराजचं नावच 'खटखट' पाडलं होतं.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी रोटांचे गहू मोजायचे. मोजायचे म्हणजे काट्यावर नाही. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. त्याच पिठाचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या. ते खायचे फक्त भाऊबंदांनी, त्यांच्या बायकांनी आणि लहान पोरांनी. लग्न करून दिलेली लेकसुद्धा नाही. चुरा सांडला तरी खड्ड्यात पुरायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि एकदा टाकलेली मूठ परत काढायची नाही.

मुठी टाकायचे हिलाल नाना, भाऊबंदकीतले सगळ्यात मोठे. पूर्वी त्यांना सगळी नावं पाठ होती. आता भाऊबंद सुरत, नाशिक, पुण्यापर्यंत पांगलेले आणि नानांची आठवण पातळ झालेली. म्हणून मागच्या वर्षी योगराजने नावं मोबाईलवर ग्रुपमध्ये टाकली. तर सुरतेच्या सुकदेवचं बोट लागलं आणि कोणाचं तरी नाव उडालं. ऐनवेळी नानांना आठवलं म्हणून वाचलं, नाहीतर भांडण डोकी फुटेपर्यंत गेलं असतं. "देवीनं काम, आनि तुमी खेळ मांडा का?" नाना सगळ्यांदेखत योगराजवरच घसरले होते.

यंदा योगराजने ठरवलं, कोणाचं बोटच लागू द्यायचं नाही.

शनिवारी सकाळी तो ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. नवल समोर पायरीवर केळं सोलत बसलेला.

"काय करी ऱ्हायना रे खटखट?"

"नावांना कुलूप लावतोय."

"नावंस्ले कुलूप?"

"इकडे बघ. डावीकडे नाव, उजवीकडे त्या माणसाची माहिती. बाप कोण, धंदा काय, मोबाईल, घरात हाक काय मारतात, ज्याला-त्याला तो काय म्हणतो. नाव घातलं की माहिती बाहेर येते. डिक्शनरी म्हणतात याला. आता ही मी फक्त वाचायची करून टाकतो. वाच म्हटलं तर वाचेल. बदल म्हटलं तर लाल अक्षरात शिवी देईल."

"आनि तुलेच बदलानं व्हयनं तं?"

"मलाही नाही. तीच तर गंमत आहे."

नवल हसला. सालपट त्याने योगराजच्या मांडीवर टाकलं. "मंग नीट दखीसन कुलूप लाव भो. मी बी आतमा शे."

कुलूप लावायच्या आधी एकदा तपासायला हवं होतं. यंदा नावं फोनच मोठ्याने वाचणार होता; आत एक नाव बदललं तर तो नवीन नाव वाचतो का, एवढंच. योगराजने यादीला 'चाचणी' असं दुसरं नाव दिलं आणि त्या 'चाचणी'त बदल केला. नवल समोर होता म्हणून नवलचंच नाव उडवलं, त्याची माहिती तशीच ठेवून वर लिहिलं, तोताराम.

तोताराम हा त्याचा नेहमीचा. कुठलंही सॉफ्टवेअर बनवलं की पहिलं खोटं गिऱ्हाईक तोतारामच. साक्रीच्या खतवाल्याच्या बिलात तोताराम, धुळ्याच्या भांड्यांच्या दुकानात तोताराम, एका दवाखान्याच्या रांगेत तोताराम, ताप आणि खोकला. काम झालं की पुसून टाकायचा. कितीदा जन्माला घातला आणि कितीदा पुसला, त्याचा हिशोब योगराजकडेही नव्हता.

"माले काढी टाकं का?" नवल मान लांब करून बघत म्हणाला.

"चाचणीतून काढलं रे. खऱ्यात आहेस."

"दखजो बरं."

तेवढ्यात नवलची बायको दिपमाला आतून म्हणाली, मखराला केळीचे खांब अजून आले नाहीत. नवल उठला, हात पँटला पुसले. कडी उचलली, गुडघा लावला, फाटक बिनआवाजाचं उघडलं. टेम्पोचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला आणि मग संपला.

योगराजने चाचणी बंद केली. खऱ्या यादीला कुलूप लावलं. मुद्दाम एक नाव बदलून बघितलं. लाल अक्षरं आली. त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुपारी अंगण सारवून झालं होतं. नाना पाटावर बसले, समोर धुतलेली टोपली, बाजूला गव्हाचं पोतं. योगराजने फोन स्पीकरला जोडला. बाईच्या त्या सपाट आवाजात एकेक नाव येऊ लागलं, आणि नाना ते स्वतः एकदा पुटपुटून मूठ सोडू लागले. हिलाल. सुकदेव. उखर्डू. गहू टोपलीत पडताना पाऊस सुरू होतानासारखा आवाज व्हायचा. बायका कौतुकाने बघत होत्या. "मशीन कसं टकटक बोलस," भिकुबाई म्हणाली, आणि योगराज तिला पाणी द्यायला म्हणून आत गेला.

"तोताराम," बाहेर फोन म्हणाला.

योगराजच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"तोताराम," नाना पुटपुटले. गहू पडल्याचा आवाज.

तो पळत बाहेर आला. "थांबा, थांबा नाना! ते नाव चुकीचं आहे. ती चाचणी होती."

धावता धावताच त्याला कळलं होतं काय झालं ते. यादीला दुसरं नाव दिलं म्हणजे दुसरी यादी होत नाही. एकाच माणसाला दोन हाका मारल्यासारखं असतं ते. 'चाचणी'त जे केलं ते खऱ्यातच झालं होतं. प्रत वेगळी काढावी लागते. हे पहिल्या महिन्यात शिकतात. आणि त्याने नवलला उडवून, वर तोताराम बसवून, मग कुलूप लावलं होतं.

"चुकनं तं चुकनं," नाना शांतपणे म्हणाले. "मूठ परत काढतस का कोनी? ज्यानी ऱ्हायनी त्यानी टाकू. कोनं नाव ऱ्हायनं?"

"नवलभाऊचं."

नानांनी पोत्यात हात घातला, मूठ भरली, टोपलीवर आणली. थांबले.

"कोनं नाव सांगं तू?"

"नवल."

मूठ पोत्यावर गेली आणि उघडली. गहू पोत्यात परत पडले. नानांनी हात झटकला आणि फोनकडे बघितलं. "पुढलं नाव सांग."

"नाना, नवलभाऊचं राहिलं ना!"

"हां, हां." परत मूठ भरली. परत टोपलीवर आणली. त्यांच्या भुवया जवळ आल्या, जसं काही जिभेवर येऊन अडलंय. "कोनं रे?"

"नवल! न-व-ल! तुमचा पुतण्या!"

परत मूठ पोत्यात. नानांचा चेहरा साफ होता. चेष्टा नव्हती त्यात. योगराजने आईकडे बघितलं. भिकुबाई नानांकडेच बघत होती, काहीच घडलं नसल्यासारखी.

"आई, तू तरी सांग."

"काय सांगू?"

"नवलभाऊचं नाव."

भिकुबाईने त्याच्या कपाळाला हात लावला. "ऊन लागनं का रे तुले?"

योगराजने लॅपटॉप उघडला. कुलूप चालू यादीला होतं, मूळ फाइल त्याच्याकडेच होती; ती उघडायची आणि परत लिहायचं. त्याने नवलचं नाव परत घातलं, तोताराम काढला, नीट वेगळी प्रत काढून सगळं तपासलं. पडद्यावर नवल होता. बापाचं नाव, टेम्पो, मोबाईल, सगळं समोर. त्याने स्पीकर लावला.

"नवल," फोन मोठ्याने म्हणाला. "नवल. नवल."

"बंद पडनं वाटस," भिकुबाई म्हणाली. "मधमाच गप कसं व्हयनं ते?"

आवाज अजून अंगणात घुमत होता.

नाना उठले. टोपलीवर कापड टाकलं. बायका टोपली घेऊन धुतलेल्या जात्याकडे गेल्या, आणि थोड्या वेळाने दळल्याचा आवाज सुरू झाला. पडद्यावरची यादी बरोबर होती. आता ती कितीही बरोबर असली तरी तिला कोणी विचारत नव्हतं.

त्याने नवलला फोन लावला.

"हां, बोल खटखट."

आवाज नवलचा नव्हता. कोणाचाच नव्हता म्हणावं तसा होता. प्रत्येक शब्द सुटा, सपाट, जसा फोन नावं वाचतो तसा, फक्त पुरुषाचा.

"कोण बोलतंय?"

"मी बोली ऱ्हायनो. खांब भरनात. येस मी."

संध्याकाळी टेम्पो आला. नवलचाच टेम्पो, काचेवर तोच लिंबू-मिरची. योगराज ओसरीवर उभा होता. फाटक खडखडलं.

खडखडलं. ओढलं गेलं. परत खडखडलं.

"उचलीसन लोट ना रे तोता," आतून भिकुबाई हसत ओरडली. "रोज रोज कसा भुली जास!"

फाटक उघडलं. एक माणूस खांद्यावर केळीचा खांब घेऊन आत आला. नवलचा निळा शर्ट त्याच्या अंगावर बरोबर बसला होता. चेहरा वाईट नव्हता. चेहरा लक्षात राहत नव्हता, एवढंच. योगराज त्याच्याकडे बघायचा आणि नजर वळवली की नाक कसं होतं ते सांगता येत नव्हतं.

"काय रे खटखट," तो म्हणाला, आणि खांब भिंतीला टेकवला.

त्याला सगळं माहीत होतं. बापाचं नाव, सावद्याचा व्यापारी, भिकुबाईला 'माय' म्हणायचं, नानांच्या पाया पडायचं. योगराज रात्री अंथरुणावर पडून एकेक गोष्ट जुळवत होता. जे जे त्याने नवलच्या नावासमोर भरलं होतं, ते ते त्या माणसाला येत होतं. जे भरलं नव्हतं, ते नाही. नवल चहा बशीत ओतून प्यायचा. हा कपाने प्यायला. नवल झोपताना शिट्टी वाजवायचा. घर शांत होतं.

आणि फाटक. फाटकाचं त्याने कुठेच लिहिलं नव्हतं.

भिंतीवर नवलच्या लग्नाचा फोटो होता. त्याच्याकडे बघायची योगराजची हिंमत होत नव्हती. सकाळी बघितलं. वहिनीशेजारी तोच, लक्षात न राहणारा चेहरा होता.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, हिरवी साडी, केळीच्या खांबांचं मखर. घर माणसांनी भरलं. योगराजने सुकदेवला कोपऱ्यात गाठलं. हा सुरतेचा, जग बघितलेला, नवलच्या मांडीला मांडी लावून शिकलेला.

"सुकदेवभाऊ, तुझ्या वर्गात माझ्या घरचा कोण होता?"

"तोता. का रे?"

"तोता कसा उघडतो फाटक?"

सुकदेवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खटखट, तू जेवला का? मागच्या वर्षीचं मनात ठेवू नको बाबा. चुकून बोट लागलं होतं माझं."

मग योगराज दिपमालावहिनीकडे गेला. ती चुलीपुढे पुरण घाटत होती.

"वहिनी, भाऊचं नाव काय?"

"असं नाव घेतंय का कोणी भाऊजी," ती लाजून म्हणाली. मग तिची पळी थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. बाहेर फाटक खडखडलं आणि ती तिकडे बघत हळूच म्हणाली, "तुम्ही तर रोज उघडता हो."

"कोणाला म्हणालीस?"

तिने पळी परत फिरवायला घेतली. "पुरण लागेल खाली," ती म्हणाली. डोळे पुसले. चुलीला धूर होताच.

भिकुबाईने त्या दिवशी योगराजची मीठ-मोहरीने दृष्ट काढली. "रात रात जागीसन डोकं तपनं तुनं. ते मशीन बंद ठेव आते."

सोमवारी विसर्जन करून सगळे परत आले आणि पंगत बसली. तोताराम योगराजच्या शेजारी बसला. रोट मोडून त्याने पहिला घास दुधात बुडवला, खाल्ला, आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"लई ठिकाने ऱ्हायनो भो," तो फक्त योगराजला ऐकू जाईल असं म्हणाला. "साक्री. धुळे. दवाखाना. तठून बठ्ठा जन माले काढी टाकेत. आठे बरं शे."

योगराजने हातातला रोट ताटात ठेवला.

"आठून कोनी काढत नही," तोताराम घरभर बघत म्हणाला आणि योगराजच्या पाठीवरून हात फिरवला. मायेने. मोठा भाऊ फिरवतो तसा.

पंगत उठत आली होती तेव्हा फाटक उघडलं.

खडखड झाली नाही. कोणी ओरडलं नाही. कडी उचलली गेली, पत्र्याला गुडघा लागला, आणि एक माणूस हातात रिकामी बादली घेऊन आत आला.

"गाडी गरम व्हई गई," तो म्हणाला. "बादलीभर पानी भेटी का?"

अंगावर मळका शर्ट. दाढी वाढलेली. नवल.

योगराज उठला, उष्ट्या हाताने त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. नवलने त्याच्याकडे बघितलं. नवलचेच डोळे. ओळख काहीच नाही.

"तुमनं घर का?" त्याने विचारलं. "मोठं कार्य दिसस."

"भाऊ, मी योगराज. खटखट."

"बरं, बरं." तो संकोचून हसला.

"तुमचं नाव काय?"

नवलने तोंड उघडलं. उघडंच राहिलं. मग त्याने ते मिटलं आणि मान खाजवली.

"डायवर म्हना. बठ्ठा डायवरच म्हनतस."

योगराजने पंगतीतला एक रोट उचलला आणि त्याच्या हातात कोंबला. "खा. आधी हा खा. एक घास खा फक्त."

भिकुबाईने त्याचं मनगट पकडलं. एवढा जोर तिच्या हातात होता हे त्याला माहीत नव्हतं. "परकाले रोट देतस का, येडा! घर बुडाडस का?"

"आई, हा तुझा..."

"राग नका मानू भाऊ," ती नवलला म्हणाली. आवाज एकदम मऊ. "देवीनं शे, बाहेर देता येत नही. बठा. चहा ली जा."

तिने त्याला ओसरीवर बसवलं. दिपमालावहिनीने चहा आणून ठेवला, डोक्यावरचा पदर ओढून, परक्या माणसापुढे घेतात तसा. त्याने तो बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायला.

वहिनी दारात उभी होती. ती आत गेली नाही. बाहेरही आली नाही.

"सुखी ऱ्हा माय," नवल भिकुबाईला म्हणाला आणि उठला. बादली भरून घेतली.

"नवलभाऊ!" योगराज ओरडला.

कोणी वळलं नाही. तोही नाही.

त्याचे दोन्ही हात बादलीला होते. कडी त्याने कोपराने उचलली, गुडघा लावला, आणि बाहेर जाऊन फाटक पायाने अलगद मागे ओढून घेतलं. पाणी सांडलं नाही.

योगराज मागे धावला. गल्लीच्या तोंडाशी ट्रक होता, चालू झालेला. तो वळला, आणि धुळ्याच्या रस्त्याला लागला. मागच्या पाटीवर नंबर होता. योगराजने तो वाचला, आणि घरी पोचेपर्यंत त्याला तो सांगता येईना.

अंगणात बायका सांडलेला चुरा गोळा करत होत्या, खड्ड्यात पुरायला. नाना लवंडले होते. भिकुबाई गरम तव्यावर पाणी मारत होती.

तोताराम फाटकाशी उभा होता. त्याने कडी ओढली. खडखडली. थांबला, विचार केला, उचलली. खडखडली. मग खाली बघितलं, जिथे त्या माणसाचा गुडघा लागला होता तिथे, आणि आपला गुडघा तिथेच टेकवला.

फाटक उघडलं.

त्याने ते मिटलं. परत उघडलं. या वेळी आवाज आला नाही.